राखणीची पाळी

संक्रांतीचे वाण वाटून झाले, तीळगूळ संपत आला, की आमच्या घरात एकच विषय निघतो. यंदा राखणीला कोण?

आमचे गाव राळेगाव तालुक्यातले, वर्धा नदीच्या अलीकडच्या अंगाचे. जमीन काळी, पीक कापसाचे. जोडीला तूर, सोयाबीन, थोडा हरभरा. घरात चार भाऊ आणि दोन बहिणी. मी थोरली सून. आम्ही सगळे मिळून दरवर्षी २६ जानेवारीला जोडून तीन दिवस नवेगावबांधच्या तलावावर जाऊन राहतो. लेकीसुना, जावई, नातवंडे धरून वीस-बावीस माणसे होतात. देव ना देवी, नवस ना सायास. तलावाकाठी उतरायचे, एका चुलीवर शिजवायचे, एका पंगतीला जेवायचे आणि परत यायचे.

गावातले लोक सुरुवातीला हसत. "कापूस वावरात फुटून राह्यला, आन हे चालले तळं पाहाले!" असे म्हणत. त्यांचेही खोटे नव्हते. जानेवारीत आमच्याकडे दुसरा-तिसरा वेचा चालू असतो. घरात कापसाची गंजी छताला लागलेली असते. हरभरा घाट्यावर आलेला, त्यात रात्री रोही आणि डुकरे घुसतात. गोठ्यात बैल, दुभती म्हैस. असे घर टाकून सगळ्यांनी कसे जावे? म्हणून सासऱ्यांनी, आमच्या मामाजींनी, पहिल्याच वर्षी नेम घालून दिला. दरवर्षी एका घरच्या माणसाने राखणीला मागे राहायचे आणि पाळी फिरती ठेवायची. हा लेख त्या पाळीबद्दलच आहे.

पण आधी तलावाबद्दल सांगते, कारण सगळे तिथूनच सुरू झाले.

माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान त्या भागात शाळामास्तर होते. १९८६ च्या संक्रांतीला मामाजी लेकीला भेटायला गेले आणि चार दिवसांनी परतले ते वेगळेच होऊन. ओसरीवर टेकले, पाणी प्याले आणि म्हणाले, "अरे, पौषात एवढं पाणी! नजर पोचत नाई. आन थे देवानं नाई केलं, एका पाटलानं बांधलं म्हंते."

आमच्या मुलखात पौषात पाणी म्हणजे विहिरीचा तळ आणि नाल्यातले डबके. शंभर एकराला पुरेल असे साठवलेले पाणी मामाजींनी साठ वर्षांच्या आयुष्यात पाहिले नव्हते. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. भोवती सात टेकड्या आहेत. त्यांना तिथले लोक सात बहिणी म्हणतात. त्या बहिणींनी हात लावला म्हणून बांध पुरा झाला, अशी तिथली श्रद्धा. कोलू पाटलालाही लोकांनी देव केले, तो कोलासूर देव. तलावाच्या मधोमध मालडोंगरी नावाचे बेट आहे. आमच्या माय, म्हणजे सासूबाई, पहिल्यांदा तिथे गेल्या तेव्हा सातही टेकड्यांकडे तोंड करून हात जोडले आणि म्हणाल्या, "माणूस एक, पन बांधाले सात जनी लागल्या."

हा कोहळी समाज तलाव बांधण्यात मोठा वाकबगार. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत त्यांनी आणि इतरांनी बांधलेले शेकडो तलाव आजही धानाच्या बांध्यांना पाणी देतात. पुढे हे तलाव गावोगावच्या मालगुजारांकडे होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. लोक सुटसुटीत 'मामा तलाव' म्हणतात. आमच्या वऱ्हाडात इंग्रजांनी रयतवारी ठेवली होती, तेव्हा इकडे मालगुजार नव्हते. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे मालगुजारी मुलूख लागायचा. मामाजींना या गोष्टीचे फार नवल वाटे. "नदी एकच, पन दोन्ही थड्यांचा कायदा येगळा," असे ते पोरांना सांगत.

पुढच्या वर्षी, १९८७ ला, त्यांनी घरच नेले. आम्ही चौदाजण होतो. माझे लग्न होऊन दोनच वर्षे झाली होती, थोरला मुलगा कडेवर. एस.टी.ने हिंगणघाट, तिथून आगगाडीने नागपूर, नागपूरहून गोंदिया आणि गोंदियाहून छोट्या लाईनची गाडी. ती गाडी इतकी हळू चाले, की मधले दीर उतरून तिच्याबरोबर चालून दाखवत. आता ती लाईन मोठी झाली आणि आम्हीही दोन जीपगाड्या भाड्याने करून जातो. वडकीला मोठ्या रस्त्याला लागायचे, मग हिंगणघाट, बुटीबोरी, नागपूर, भंडारा; भंडाऱ्याला वैनगंगेच्या पुलावरून पोरांनी नदीत पैसा टाकायचा, साकोलीला चहा घ्यायचा आणि तिथून आत वळायचे. अडीचशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. तेव्हा ते गाव भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते गोंदियात आहे.

पहिली काही वर्षे आम्ही नणंदबाईंच्या भाड्याच्या घरात दाटीवाटीने राहिलो. मग मास्तरांची बदली झाली आणि ते घर सुटले. मामाजी म्हणाले, मास्तरांची बदली झाली, तळ्याची तर नाही ना? तेव्हापासून आम्ही तलावाकाठच्या कुट्यांमध्ये उतरतो. एका कुटीत बायका, एकीत पुरुष, एकीत पोरे. पुढच्या वऱ्हांड्यात सतरंज्या टाकल्या की तेच आमचे घर.

बांधाबांध आदल्या आठवड्यापासून चालते. ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ, मुंगवड्या, लसणाचा ठेचा, तुपाचा डबा. मुख्य म्हणजे वांगे आणि रोडगे. पूर्वी आम्ही तलावाच्या अलीकडे मोकळ्या जागेत गोवऱ्यांचा हारा रचून रोडगे भाजत असू. आता तसे करीत नाही. जंगलात विस्तव पेटवायला कायद्याने मनाई आहे, आणि ते बरोबरच आहे. वाळल्या पानांत एक ठिणगी पडली तर डोंगर जळतो. म्हणून रोडगे घरीच भाजून, फडक्यात गुंडाळून नेतो. तिथे कुटीच्या स्वयंपाकघरात वरण आणि वांग्याची भाजी करायची, रोडगा फोडायचा, वर तूप सोडायचे. चव थोडी कमी लागते, पण लागते.

सकाळी तलावावर धुके असते. ते उठू लागले की आधी ढिवरांचे डोंगे दिसतात, मग पाणकोंबड्या आणि मग लांबून आलेली बदके, पाण्यावर काळी रेघ ओढल्यासारखी. हिवाळ्यात ती उत्तरेकडून येतात आणि उन्हाळ्याआधी परत जातात. एका वर्षी साकोलीकडून येताना धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसली, माणसाएवढी उंच. महाराष्ट्रात सारस आता मुख्यत: याच भागात उरले आहेत. माझी पुतणी दरवर्षी मारुती चितमपल्लींचे 'नवेगावबांधचे दिवस' बरोबर घेते. ते वनखात्यात अधिकारी असताना या जंगलात राहिले होते. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा घरचेच कोणी गेल्यासारखे तिला वाटले. हे जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नागझिऱ्यासह व्याघ्र प्रकल्प. आत जायचे तर फाटक, परवाना आणि वेगळा खर्च. आम्ही एकदाच गेलो. वाघ दिसला नाही. मधले दीर म्हणाले, "त्याचा बी कापूस वेचाचा असन."

मामाजी २००४ मध्ये गेले. दोन वर्षांनी वाटणी झाली. भांडण असे झाले नाही, पण वाटणी ती वाटणीच. विहिरीच्या पाण्याचे दिवस ठरले, गोठ्यात भिंत उठली, चुली चार झाल्या. त्या वर्षी कोणी तलावाचे नाव काढीना. तेव्हा मायच बोलल्या, "घरी चुली चार करा, मी आड येत नाई. पन तळ्यावर चूल एकच राहीन."

चूल एक राहिली. पण खर्चाचा प्रश्न आला. आधी सगळे मामाजींच्या गाठीचे होते. आता घरटी सारखी वर्गणी ठरली. चार भाऊ, चार सारखे भाग. आम्हाला तेव्हा त्यात काही चुकीचे दिसले नाही. भावाभावांत सारखेपणा, याहून न्यायाचे काय असणार? राखणीची पाळी पूर्वीसारखीच चालू राहिली. आणि एक गोष्ट आपोआप होऊ लागली. जो राखणीला राही, त्याच्याकडून वर्गणी घेत नसत. मागे राहणाऱ्याचे तेवढेच समाधान.

धाकट्या भाऊजींच्या वाट्याला जमीन सारखी आली, पण विहीर लांब पडली. कोरडवाहू कापूस, पदरी दोन मुली आणि एक मुलगा. माणूस हसरा. तलावावर पोरांना घेऊन सर्वात आधी पाण्यात उतरणार तोच.

२०१७ साल आमच्या जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. त्या वर्षी फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आणि जो कापूस उभा राहिला, त्यात गुलाबी बोंडअळी शिरली. बोंड वरून चांगले दिसे, फोडले तर आत अळी आणि सरकी पोखरलेली. धाकट्या भाऊजींनी पऱ्हाटी उभीच नांगरली. त्या जानेवारीत पाळी मधल्या दिरांची होती. पण धाकटे म्हणाले, "यंदा मी राह्यतो राखणीले. तुमी जा."

आम्हाला वाटले, मन लागत नसेल. राहू दिले.

पुढच्या वर्षी पाळी आमची होती. तेव्हाही धाकट्यांनी तेच म्हटले. माझे यजमान म्हणाले, "मागच्या साली बी तूच होता ना?" तर हसले आणि म्हणाले, "दादा, मले काय, तळं पाह्यलं आहे. पोट्टे पाहून येतीन." मी मनात म्हटले, किती समजूतदार माणूस! खरे सांगते, मला बरेच वाटले. आमची पाळी टळली होती.

२०२० च्या जानेवारीत तिसऱ्यांदा तेच मागे राहिले. त्या हंगामात ऑक्टोबरच्या पावसाने फुटलेला कापूस झाडावरच भिजला होता. निघताना मधली जाऊ जीपमध्ये म्हणाली, "धाकट्याले राखणीचीच आवड लागली." सगळे हसले, मीही हसले. धाकटी जाऊ खिडकीतून बाहेर पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर तोंड धुताना मला दिसले, की तिच्या गळ्यात डोरले नाही. नुसती काळी पोत होती. मी विचारले. म्हणाली, प्रवासात नको म्हणून घरी ठेवले. मी काही बोलले नाही. पण तीस वर्षे आम्ही याच तलावावर येतो, आणि अंगावरचे डोरले काढून ठेवायची गरज कधी कोणाला वाटली नव्हती.

रात्री पोरे झोपल्यावर मी तिला घेऊन वऱ्हांड्यात बसले. तलाव दिसत नव्हता, नुसता पाण्याचा वास येत होता. मी म्हटले, "डोरलं घरी आहे काय, खरं सांग."

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "ताई, डोरलं गहाण आहे. गेल्या आखाजीपासून."

मग एकेक बाहेर आले. २०१७ च्या हंगामानंतर सोसायटीचे कर्ज थकले. थकीत म्हणून नवे मिळेना. बियाणे आणि औषध दुकानातून उधार आले, त्याचा तगादा लागला, तेव्हा एका माणसाकडून १,८०,००० रुपये घेतले. व्याज महिन्याला शेकडा ३ रुपये. म्हणजे महिन्याचे ५,४०० आणि वर्षाचे ६४,८००. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० होता. हिशेब केला तर जवळजवळ १२ क्विंटल कापूस नुसत्या व्याजात जात होता, आणि मुद्दल जिथल्या तिथे. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने कर्जमुक्ती जाहीर केली होती, त्यात सोसायटीचे कर्ज बसेल अशी आशा होती, आणि पुढे ते बसलेही. पण अशा खासगी देण्याला कोणती यादी?

"आन राखण?" मी विचारले.

ती म्हणाली, "वर्गणी द्याले पैसे नव्हते, ताई. राखणीले राह्यलं की वर्गणी लागत नाई. लेकराईले तर तुमी सोडत नाई ना."

मी तीस वर्षे त्या तलावाचे पाणी पाहत आले, पण त्या रात्रीइतकी थंडी मला कधी वाजली नाही. आम्ही ज्याला समजूतदारपणा म्हणत होतो, तो त्या माणसाने तीन वर्षे शोधलेला आडोसा होता. आणि तो आडोसा आमच्याच नेमाने त्याला दिला होता.

मी यजमानांना उठवले. त्यांनी मधल्या दोघांना उठवले. कोणी फार बोलले नाही. घरी फोन लावला, लागला नाही. रात्री तो वावरातल्या कोठ्यावर जागलीला असतो, तिथे फोन लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या कोठ्यात फवारणीचे औषध ठेवलेले असते, हेही सगळ्यांना ठाऊक होते. ते कोणीही बोलून दाखवले नाही. आमच्या जिल्ह्यातल्या घरांना ते बोलून दाखवावे लागत नाही.

२६ तारखेला दुपारी जेवून निघायचे, ते आम्ही पहाटे पाचलाच निघालो. पोरे जीपमध्ये झोपलेली. वैनगंगेच्या पुलावर कोणी पैसा टाकला नाही. हिंगणघाटच्या अलीकडे फोन लागला. पलीकडून धाकटे भाऊजी म्हणाले, "म्हशीनं आज दूध कमी देल्लं. काऊन, काय झालं?" माझ्या यजमानांनी "काई नाई, येऊन राह्यलो," एवढेच म्हटले आणि फोन माझ्या हातात दिला. त्यांना पुढे बोलवेना.

घरी पोचलो तेव्हा ते ओसरीवर कापसातली कवडी निवडत बसले होते. एवढी माणसे दिवसाआधी परतलेली पाहून उभे राहिले. मग बायकोच्या तोंडाकडे पाहिले आणि समजले. खाली बसले. माझे यजमान त्यांच्याशेजारी बसले आणि तेही कवडी निवडू लागले. बराच वेळ दोघे भाऊ निवडत राहिले. मग यजमान म्हणाले, "एवढा मोठा झाला काय, की आमाले सांगाचं नाई?"

धाकटे म्हणाले, "दादा, वाटणीच्या वेळी सारखंच भेटलं ना सगळ्याईले. मंग मीच कमी कसा पडलो, हे कोन्या तोंडानं सांगू?"

त्या दिवशी संध्याकाळी चारही घरे बसली. घेणे-देणे सगळे कागदावर मांडले. लपवायचे काही नाही, असे मी आधीच बजावले. आणि मग कळले, की मधल्या दिरांचेही दुकानाचे थोडे देणे आहे, आणि आमचेही ट्रॅक्टरभाडे बाकी होते. कागदावर आल्यावर ते डोंगरासारखे वाटेना. तुरीचे पैसे यायचे होते, ते आम्ही दिले. नोकरीत असलेल्या दिरांनी त्यांच्या पतसंस्थेतून कर्ज काढले. धाकट्यांची दोन एकर जमीन आम्ही तीन वर्षे मक्त्याने केली आणि मक्ता आगाऊ दिला. आखाजीपर्यंत त्या माणसाचे मुद्दल गेले. डोरले मात्र २०२१ च्या दिवाळीला सुटले.

सगळे गोडीगुलाबीने झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. मधली जाऊ म्हणाली, "आमी पोटाले चिमटा घेऊन वर्गणी भरली, आन हे लपवून बसले." तिचेही खरे होते. वर्षभर ती आणि धाकटी कामापुरतेच बोलत. हळूहळू ते निवळले.

इथे एक गोष्ट वाचकांना सांगून ठेवते, कारण ती आम्हाला तेव्हा माहीत नव्हती. परवाना नसताना व्याजाचा धंदा करणे २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे. अशा व्यवहारात जमीन लिहून घेतली असेल, तर सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते, आणि चौकशीत खरे ठरले तर जमीन परत मिळू शकते. आमची जमीन लिहून दिलेली नव्हती, हे नशीब. पण कागद करायच्या आधी घरात चार माणसांना सांगावे. सांगायला लाज वाटते, हेच खरे व्याज. ते रोज वाढते.

मग आम्ही तलावाचा नेम बदलला. घरटी सारखी वर्गणी बंद केली. मायचा एक जुना डालड्याचा डबा होता, त्याच्या झाकणाला भोक पाडले आणि तो देवघरात ठेवला. आता कापूस विकला की ज्याने त्याने क्विंटलमागे शंभर रुपये डब्यात टाकायचे. ज्याचा कापूस जास्त त्याचे जास्त, ज्याचा बुडाला त्याचे काही नाही. नोकरीवाल्यांनी एका दिवसाचा पगार टाकायचा. कोणी किती टाकले हे कोणी मोजायचे नाही. संक्रांतीनंतर डबा एकदमच फोडायचा. पैसे पुरले तर तीन दिवस, कमी पडले तर दोन. कोरोनामुळे २०२१ ला गेलो नाही. २०२२ ला साथ पुन्हा वाढली, तेव्हा फेब्रुवारीत दीडच दिवस जाऊन आलो. तरी ते जाणे झालेच.

राखणीचा नेमही पक्का केला. पाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाच वर्षांची लिहून ठेवली आहे. ती विकायची नाही, दान द्यायची नाही, मागूनही घ्यायची नाही. कोणी म्हणाले, "मी राह्यतो," तर त्याला आधी ओसरीवर बसवून विचारायचे, "का बाबा?" आणि राखणीला आता एकटे कोणी राहत नाही. दोघांनी राहायचे.

गेल्या खेपेला पाळी आमची होती. आम्ही दोघे मागे राहिलो. तलावावर जाऊ लागल्यापासून पहिल्यांदाच मी गेले नाही. गाड्या गेल्या आणि घर एकदम मोठे झाले. दुपारी मजुरांबरोबर वेचा केला, मोजून घेतला. संध्याकाळी म्हैस पिळली. रात्री यजमान जागलीला जायच्या आधी आम्ही दोघे कापसाच्या गंजीला टेकून बसलो. कापसाला रात्री एक ऊब असते. मला वाटले, याच गंजीजवळ तीन वर्षे तो एकटा बसला असेल, सगळे घर तलावावर आणि डोक्यात ५,४०० चा हिशेब. त्या ऊबेतही मला बसवेना.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटे भाऊजी तलावावरून बोलत होते. मागे पोरांचा गलका.

"वहिनी, यंदा पानी लय आहे. सकाळी मोठी बदकं आली होती, पोट्ट्याईनं मोजली. रोडगे जरा कडक झाले, पन खाल्ले सगळ्याईनं." मग थोडे थांबून म्हणाले, "दादा जागलीले गेले काय? एकटे नाई ना तुमी?"

मी म्हटले, "नाई. दोघं आहो. तुम्ही जेवा."

पुढच्या वर्षी कॅलेंडरवर मधल्या दिरांचे नाव आहे. मधली जाऊ आताच कुरकुर करते आहे, की तिला तलाव सोडून राहायचे नाही. करू द्या. मोठ्याने केलेली कुरकुर आमच्या घरात आता चालते.